जुन्या मसल कारला जास्त पकडीचे टायर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉन्टिॲक जीटीओ, शेव्हरले कॅमॅरो आणि शेव्हेल, फोर्ड मस्टँग, डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर अशा १९६० आणि १९७०च्या दशकांतील अमेरिकन व्ही-८ गाड्यांचे मालक टायर घेताना जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांना गाडी मूळ स्वरूपात प्रदर्शनात उभी करायची आहे, त्यांच्यासाठी जुन्या नक्षीचे आणि जुन्या मापांचे टायर आजही बनतात व त्यांनी तेच घ्यावेत. पुढील माहिती वळणांच्या रस्त्यावर, ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीत) किंवा ट्रॅकवर गाडी खरोखर चालवणाऱ्यांसाठी आहे.

मूळ टायर आणि आजचे टायर यांत नेमका फरक काय आहे?

या गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा बहुतेकांवर बायस-प्लाय टायर होते. त्यांच्या सांगाड्यातील दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आणि जमिनीला टेकणारा भाग यांना तेच थर धरून ठेवत असल्यामुळे वळणावर साइडवॉल वाकली की जमिनीवरचा भागही तिच्याबरोबर वेडावाकडा होतो आणि त्याची एक कड उचलली जाते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या गुडइयर पॉलिग्लाससारख्या टायरांत या तिरक्या थरांवर काचतंतूंचे पट्टे आले, त्याने परिस्थिती थोडी सुधारली, पण मूळ रचना तीच राहिली. रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर पोलादी पट्ट्यांचे स्वतंत्र कडे असते. त्यामुळे साइडवॉल वाकली तरी जमिनीवरचा भाग सपाट टेकलेला राहतो.

व्यवहारात याचा परिणाम दुहेरी होतो. रेडियलची पकड जास्त असते हे उघडच आहे. पण बायस-प्लाय टायर बरेच आधीपासून घसरू लागतो आणि हळूहळू घसरत जातो, तर जास्त पकडीचा रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग तुलनेने एकदम सुटतो. गाडीचे सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि ब्रेक हे सगळे पहिल्या प्रकारच्या टायरांसाठी बेतलेले होते. पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ट्रेडवेअरचा आकडा जितका कमी तितकी पकड जास्त, हे खरे का?

ढोबळमानाने खरे आहे, पण तो आकडा पकडीचे माप नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या टायरवर यूटीक्यूजी ही श्रेणी छापावी लागते. तिच्यातील ट्रेडवेअरचा आकडा टायर किती लवकर झिजतो हे सांगतो. त्यासाठी टेक्सासमधील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक मार्गावर टायर एकूण साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास चालवला जातो आणि त्याची झीज एका प्रमाण-टायरच्या झिजेशी ताडून पाहिली जाते. श्रेणी उत्पादक स्वतःच ठरवतो, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. शर्यतींच्या नियमांत किमान २०० ट्रेडवेअरची अट असल्यामुळे, अगदी चिकट रबराच्या टायरवरही बरोबर २०० हाच आकडा दिसतो, यामागचे कारण वाचकाच्या सहज लक्षात येईल.

त्याच श्रेणीतील ट्रॅक्शनचे अक्षर, म्हणजे एए, ए, बी किंवा सी, पाहूनही अनेकांची फसगत होते. ते केवळ ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावतानाची पकड दाखवते. वळणावरची किंवा कोरड्या रस्त्यावरची पकड त्यात मोजलेलीच नसते.

मूळ १४ किंवा १५ इंची रिम ठेवून चांगली पकड मिळेल का?

येथेच बहुतेकांची गाडी अडते. १४ इंची रिमसाठी या गाड्यांना साजेशा व्यासाचे टायर मोजकेच मिळतात आणि जे मिळतात ते मुख्यतः दिसण्यासाठी व शांत प्रवासासाठी केलेले असतात. बीएफगुडरिच रेडियल टी/ए हे त्यांतले सर्वांत परिचित नाव आहे. उंचावलेली पांढरी अक्षरे या गाड्यांवर शोभून दिसतात, टायर टिकतोही भरपूर, पण त्याचे ट्रेडवेअर ४०० आहे आणि बहुतेक मापांत त्याची वेगमर्यादा एस, म्हणजे ताशी १८० किलोमीटर इतकीच आहे. त्याला खेळासाठीचा टायर समजणे त्याच्यावरही अन्याय करणारे ठरेल.

१५ इंची रिमबाबत एक फसवी गोष्ट आहे. १५ इंचांत २०० ट्रेडवेअरचे उत्तम टायर नक्कीच मिळतात, पण २०५/५० आर१५ आणि २२५/४५ आर१५ (आधी मिलिमीटरमधील रुंदी, मग रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची, आर म्हणजे रेडियल आणि शेवटी इंचांत रिमचा व्यास) ही त्यांची प्रचलित मापे माझदा मिआटासारख्या छोट्या, हलक्या गाड्यांसाठी आहेत. २०५/५० आर१५ चा बाहेरचा व्यास सुमारे ५८६ मिलिमीटर भरतो. मसल कारवर मूळ टायरच्या जागी चालणाऱ्या २२५/७० आर१४ चा व्यास जवळपास ६७१ मिलिमीटर असतो. तब्बल ८५ मिलिमीटर लहान चाक लावल्यावर गाडी जमिनीला टेकण्याइतकी खाली येते, हमरस्त्यावर इंजिन ओरडत राहते, आणि मडगार्डखाली दिसणाऱ्या पोकळीबद्दल न बोललेलेच बरे. शिवाय दीड टनाहून जड गाडीचे वजन पेलण्याची क्षमता त्या टायरमध्ये असेलच असे नाही.

म्हणून १५ इंची रिम ठेवायचीच असेल तर २३५/६० आर१५ किंवा २५५/६० आर१५ अशा मापांतील वेगवान प्रवासाच्या टायरांवर समाधान मानावे लागते. खरी पकड हवी असेल तर १७ इंची रिमकडे वळणे हा बहुतेक वेळा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो. १८ इंचांत पर्याय आणखी वाढतात, पण जुन्या बांधणीच्या गाडीवर १८ इंची चाक काहींना डोळ्यांत खुपते. हा आवडीचा भाग आहे. १९ किंवा २० इंची चाकांचे समर्थन मात्र मला करता येत नाही. त्यांनी चाकाचे वजन वाढते, साइडवॉल उरतच नाही आणि खड्ड्यात रिम वाकते. एवढे सोसून पकडीत काही भर पडत नाही.

१७ इंची रिम घेतल्यावर टायरचे माप कसे ठरवावे?

प्रथम बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळ ठेवावा. हिशेब सोपा आहे: टायरच्या रुंदीला साइडवॉलच्या टक्केवारीने गुणावे, त्याची दुप्पट करावी आणि त्यात मिलिमीटरमधील रिमचा व्यास मिळवावा. २४५/४५ आर१७ चा व्यास ६५२ मिलिमीटर येतो, २५५/४५ आर१७ चा ६६१, आणि २७५/४० आर१७ चा पुन्हा ६५२. म्हणजे २२५/७० आर१४ च्या तुलनेत २४५/४५ आर१७ पावणेतीन टक्क्यांनी लहान आहे. स्पीडोमीटर तेवढाच जास्त वेग दाखवेल आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतील. या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून केबलने चालतो आणि त्या टोकाला असलेले प्लास्टिकचे छोटे दातेरी चाक वेगळ्या दातसंख्येचे घेऊन बसवता येते, त्यामुळे हा फरक दुरुस्त करणे अवघड नाही.

रिमची रुंदी टायर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच हवी, आणि जमल्यास त्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात. २४५ चा टायर साडेसात इंची रिमवर बसतो खरा, पण त्याच्या साइडवॉल आत दबतात आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळल्यासारखी वाटते. तोच टायर आठ किंवा साडेआठ इंची रिमवर ताठ उभा राहतो.

माझ्या गाडीत किती रुंद टायर बसेल, हे कसे समजेल?

दुसऱ्याच्या गाडीत बसले म्हणून आपल्या गाडीत बसेल, असे धरून चालू नये. त्या काळच्या बांधणीत डाव्या-उजव्या बाजूंत काही मिलिमीटरचा फरक सर्रास असे, आणि मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यावर नसणे ही तर इतकी नित्याची बाब आहे की दोन्ही बाजू मोजल्याशिवाय रिम मागवूच नये. पन्नास वर्षांत कधीतरी झालेली ठोकाठोक आणि मडगार्डची दुरुस्ती यांची त्यात भर पडते.

मागे आतल्या बाजूला लीफ स्प्रिंगचे पाटे किंवा शॉक ॲब्सॉर्बर आणि बाहेरच्या बाजूला मडगार्डची आत वळवलेली कड, अशा दोन सीमा असतात. दोन्हीकडे किमान १० ते १२ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, कारण पाट्यांवरचा ॲक्सल वळणात आडवा सरकतो. मडगार्डची कड आत दुमडून थोडी जागा मिळवता येते.

पुढचे मोजमाप अधिक काळजीने करावे लागते. त्यासाठी गाडी भक्कम स्टँडवर घेऊन पुढची कॉइल स्प्रिंग काढून ठेवावी, रिम व टायर लावून जॅकने खालचा कंट्रोल आर्म (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे त्याची वरची हालचाल रोखणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, वर उचलावा आणि त्या स्थितीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. चाक सरळ असताना सगळीकडे दोन बोटे जागा दिसते. ते पूर्ण वळवून दाबले की टायरचा मागचा खांदा मडगार्डच्या खालच्या टोकाला किंवा आतल्या बाजूला चेसिसला जाऊन टेकतो, आणि नेमके हेच स्प्रिंग बसवलेल्या उभ्या गाडीत कधी दिसत नाही.

रिम मागवताना ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग यांची गल्लत टाळावी. ऑफसेट म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. बॅकस्पेसिंग म्हणजे हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर. १७ बाय ८ च्या रिमची प्रत्यक्ष रुंदी दोन्ही कडा धरून सुमारे ९ इंच भरते, म्हणून शून्य ऑफसेटला तिचे बॅकस्पेसिंग साडेचार इंच येते. बॅकस्पेसिंग कमी असलेली रिम पुढे लावली की चाक बाहेर सरकते, दिसायला रुबाबदार दिसते, पण ब्रेक लावताना स्टीअरिंग हाताला हिसके देऊ लागते आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो.

पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर लावावेत का?

या गाड्यांचे ओतीव लोखंडाचे इंजिन पुढे असल्यामुळे निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढच्या चाकांवर असते. मोठे बिग-ब्लॉक इंजिन असेल तर ते प्रमाण ५६–५७ टक्क्यांपर्यंत जाते. अशी गाडी मुळातच वळणावर पुढून बाहेर जाऊ पाहते. पुढे २१५ आणि मागे २९५ लावून आपण तिचा हाच दोष आणखी वाढवतो. सरळ रस्त्यावर सुटताना मागची पकड कामी येते, पण पहिल्याच वळणावर पुढचे टायर किंचाळत बाहेरची दिशा धरतात आणि मागचे रुंद टायर काही न करता मागोमाग येतात.

म्हणून येथे एक स्पष्ट सल्ला द्यावासा वाटतो: पुढचा टायर आधी ठरवावा. पुढे जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो ते शोधावे आणि मागे तोच किंवा एका मापाने मोठा घ्यावा. पुढे २४५ आणि मागे २५५ किंवा २७५ ही जोडी पहिल्या पिढीच्या कॅमॅरोसारख्या गाड्यांवर सामान्यतः चांगली जमते. चारही टायर एकाच मापाचे असतील तर ते पुढे-मागे फिरवताही येतात, आणि पुढच्या टायरांची बाहेरची कड आधी झिजणाऱ्या या गाड्यांमध्ये तो फायदा लहान नाही. वळणांशी काही देणे-घेणे नसून केवळ ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतील शर्यतीच्या पट्टीवर, धावायचे असेल तर हा सल्ला लागू होत नाही.

कोणत्या गटातील टायर घ्यावा?

रोज किंवा वरचेवर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ३०० च्या आसपास ट्रेडवेअरचे उन्हाळी टायर सर्वांत शहाणपणाचे आहेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस हे या गटातले ठळक उदाहरण. ओल्या रस्त्यावर त्यांचा भरवसा वाटतो, पकड मिळण्यासाठी त्यांना आधी तापवावे लागत नाही आणि जुन्या सस्पेन्शनकडून अवास्तव मागण्या करत नाहीत. मूळ टायरवरून थेट या गटात आलेल्या मालकाला गाडी बदलल्यासारखे वाटते, आणि बहुतेकांनी येथेच थांबायला हरकत नाही.

त्यावर २०० ट्रेडवेअरचा गट येतो: योकोहामा ॲडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, फाल्कन अझेनिस आरटी६६०, हँकुक व्हेंटस आरएस४. एससीसीए या अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉसमधील ‘क्लासिक अमेरिकन मसल’ वर्गात किमान २०० ट्रेडवेअर लागत असल्याने जुन्या मसल कारवर हेच टायर जास्त दिसतात. यांच्यातही स्वभावभेद आहेत. ए०५२ फार लवकर तापतो आणि पहिल्याच फेरीत पूर्ण पकड देतो, म्हणून मिनिटभराच्या ऑटोक्रॉसला तो आवडीचा आहे. जड गाडीवर ट्रॅकच्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांत मात्र तो अति तापून ढिला पडतो आणि झपाट्याने झिजतो. आरएस४ थोडा कमी चिकट असला तरी लांब फेऱ्यांत टिकून राहतो. सोळाशे-सतराशे किलोंच्या गाडीने ट्रॅकवर दिवस काढायचा असेल तर मी आरएस४च्या बाजूने झुकतो.

नित्तो एनटी०१ किंवा टोयो आर८८८आर असे १०० ट्रेडवेअरचे टायर नावापुरते रस्त्याचे आहेत. ड्रॅग रेडियल, उदाहरणार्थ मिकी थॉम्प्सन ईटी स्ट्रीट मालिका, हा वेगळाच प्राणी आहे. सुटताना ॲक्सलचा झटका पचवावा म्हणून त्यांच्या साइडवॉल मुद्दाम लवचिक ठेवलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच कारणाने ते वळणाच्या कामाचे नाहीत.

वजन आणि वेग यांचे आकडे पाहायची गरज आहे का?

आहे. मापापुढील लोड इंडेक्स हा आकडा एक टायर किती वजन पेलतो ते सांगतो: ९१ हा ६१५ किलो, ९५ हा ६९० किलो आणि ९८ हा ७५० किलो दाखवतो. सतराशे किलोंच्या गाडीचे ५६ टक्के वजन पुढे असेल तर उभ्या गाडीतच एका पुढच्या टायरवर सुमारे ४७५ किलो येतात, आणि वळणात जोराने ब्रेक लावल्यावर बाहेरच्या टायरवर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे अगदी काठावरचा इंडेक्स घेऊ नये. वेगाच्या अक्षरांत एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर.

टायर बसवण्यापूर्वी गाडीत काय तपासावे किंवा बदलावे?

या प्रश्नाला टायरच्या ब्रँडपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा. घसरणारा जुना टायर एका अर्थी फ्यूजचे काम करत असतो: ताण वाढला की तो सुटतो आणि पुढचे भाग वाचतात. पकड वाढली की तो ताण थेट हब, बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड, ॲक्सल शाफ्ट आणि चेसिसपर्यंत पोहोचतो. थोडासा ढिला बॉल जॉइंट, जो मूळ टायरवर वर्षानुवर्षे निभावून गेला, तो चिकट टायरवर निभावेलच असे नाही. त्या काळच्या पातळ पोलादी रिमही अशा भारासाठी केलेल्या नव्हत्या. त्या ठेवायच्याच असतील तर मधल्या तबकडीच्या जोडांपाशी तडे आहेत का ते टायर काढलेले असतानाच पाहावे.

अलाइनमेंटचे जुन्या पुस्तकातील आकडे बाजूला ठेवावे लागतात. बायस-प्लाय टायर आणि पॉवर नसलेले स्टीअरिंग धरून कंपन्यांनी कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) जवळपास शून्यावर आणि कॅम्बर (पुढून पाहता चाकाचा कल; वरची कड आत झुकली की उणे, बाहेर झुकली की धन) किंचित धन ठेवलेला असे. रेडियलसाठी कॅम्बर उणे पाऊण ते उणे दीड अंश, कॅस्टर जमेल तितका धन, म्हणजे तीन ते पाच अंशांपर्यंत, आणि टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली असणे) अगदी थोडे, दीड मिलिमीटरच्या आसपास, अशी सुरुवात करावी. अनेक गाड्यांत कारखान्याच्या शिम्स (जुळवणीच्या पातळ पट्ट्या) किंवा एक्सेंट्रिक बोल्टवर एवढा फरक मिळत नाही आणि वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात. सुरुवातीच्या मस्टँगमध्ये वरच्या कंट्रोल आर्मचे बिजागर एक इंच खाली घेण्याची, ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणून ओळखली जाणारी, युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. नवी छिद्रे पाडण्याएवढाच तिचा खर्च आहे आणि वळणात बाहेरचे चाक तिच्यामुळे बरेच सरळ उभे राहते.

ब्रेकची गोष्ट वेगळी. टायरची पकड वाढली की गाडी जास्त जोराने थांबू शकते, म्हणजे ड्रममध्ये कमी वेळात जास्त उष्णता साठते आणि काही जोरकस थांब्यांनंतर पेडल तेवढेच दाबूनही गाडी तेवढी थांबत नाही. शिवाय जास्त जोराने थांबताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि जुन्या प्रमाणात दाब मिळाल्यामुळे ती आधी लॉक होतात. पुढे डिस्क ब्रेक आणि मागच्या दाबासाठी जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, ही जोडी चिकट टायरच्या आधी यावी.

ज्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही ती गोष्ट म्हणजे ऑइल. लांब वळणात काही सेकंद सलग जोर राहिला की संपमधले, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातले, ऑइल एका भिंतीवर चढते, ते ओढणाऱ्या पिकअप नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. वळणाच्या मध्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली झुकून बाहेर पडताना पुन्हा वर येत असेल, तर तो मीटरचा दोष समजून सोडून देऊ नये, कारण तेवढ्या वेळात क्रँकच्या बेअरिंग कोरड्या फिरलेल्या असतात. जुन्या टायरवर एवढा जोर येतच नव्हता, म्हणून हा दोष कधी उघड झाला नव्हता. आतून आडभिंती असलेला संप बसवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोलही असेच एका बाजूला सरकते, आणि वळणात इंजिन अडखळू लागले तर तिकडे पाहावे.

हवा किती ठेवावी?

दरवाज्यावरच्या किंवा पुस्तकातील जुन्या आकड्यावर, जो बऱ्याचदा २४ पीएसआयच्या आसपास असतो, विसंबू नये. तो बायस-प्लाय टायर आणि मऊ प्रवास डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे. टायर थंड असताना ३० ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि पुढचे काम टायरलाच विचारून करावे.

त्याची जुनी आणि अजूनही उत्तम रीत अशी: साइडवॉलपासून जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंत खडूने किंवा पांढऱ्या बूटपॉलिशने तीन-चार ठिकाणी जाड रेघा ओढाव्यात आणि काही फेऱ्या माराव्यात. बहुतेक टायरच्या खांद्यावर एक लहान त्रिकोण कोरलेला असतो. रेघ त्या त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर ठीक. त्याच्याही खाली साइडवॉलवर पुसली गेली असेल तर हवा किंवा उणे कॅम्बर कमी पडतो आहे, आणि त्रिकोणाच्या बरीच वर थांबली असेल तर हवा जास्त आहे. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी सुईचा पायरोमीटर (रबरात टोचून तापमान मोजणारे उपकरण) घ्यावा आणि थांबल्याबरोबर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड यांचे तापमान घ्यावे. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, आणि बाहेरची कडच सर्वांत गरम असेल तर कॅम्बर अपुरा. इन्फ्रारेडची बंदूक सोयीची असली तरी ती फक्त वरचा पृष्ठभाग मोजते, जो गाडी ट्रॅकवरून थांबण्याच्या जागी येईपर्यंत निवलेला असतो.

पावसात आणि थंडीत हे टायर कसे वागतात?

२०० ट्रेडवेअरच्या टायरची नक्षी नव्यानेही सामान्य टायरपेक्षा उथळ असते आणि खाचा कमी असतात. ओल्या रस्त्यावर त्यांचे रबर चांगले धरते, पण साचलेल्या पाण्यावर रुंद आणि उथळ टायर लवकर तरंगू लागतो. अर्धा झिजल्यावर तर जोराच्या पावसात वेग निम्म्यावर आणलेला बरा. लक्षात ठेवावे की या गाड्यांत एबीएस नाही आणि चूक सावरून घेणारे इलेक्ट्रॉनिक्सही नाही.

थंडीत सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी रबर कडक होऊन पकड सोडते. गोठणबिंदूच्या बरेच खाली गेलेल्या तापमानात चिकट रबराला तडे जाऊ शकतात, म्हणून गार शेडमध्ये ठेवलेली गाडी अशा दिवशी नुसती ढकलूही नये.

हे टायर किती टिकतात, आणि वापर कमी असेल तर?

जुन्या मसल कारचे टायर झिजून जाण्याआधी म्हातारे होतात. वर्षाकाठी थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीवर नक्षी कोरीच्या कोरी दिसते, आणि रबर मात्र कडक होऊन बसलेले असते. टायरच्या बाजूवरील डीओटी सांकेतिकाच्या (अमेरिकी परिवहन खात्याच्या नावाने छापलेल्या क्रमांकाच्या) शेवटच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. तीन अंकच असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर गाडी चालवण्याचा विचारही करू नये. सहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, कितीही चांगला दिसत असला तरी, बदल, हा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला आहे. चिकट टायर तर प्रत्येक वेळी तापून निवताना थोडा कडक होतो, त्यामुळे ट्रॅकवर गेलेल्या टायरसाठी ही मुदत आणखी आखूड धरावी.

रेडियल आणि बायस-प्लाय एकत्र लावले तर चालतील का?

नाही. दोन्हींचे घसरणे वेगवेगळ्या गतीने होते आणि गाडीचा तोल बेभरवशाचा होतो. मोडेल तिथून घरी आणण्यापुरते लावावे लागलेच तर रेडियल मागे असावेत.

स्टेपनीचे काय करावे?

मूळ १४ इंची स्टेपनी नव्या मोठ्या डिस्क ब्रेकवर बसतच नाही, असे अनेकदा ऐन रस्त्यात कळते. घरीच एकदा लावून पाहावी. पॉझिट्रॅक्शनसारखे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरू न देणारी मागच्या ॲक्सलमधील यंत्रणा) असेल तर वेगळ्या व्यासाची स्टेपनी मागे लावून लांब जाऊ नये, कारण दोन्ही चाकांच्या फेऱ्यांतल्या फरकाने आतल्या क्लच सतत घासत राहतात.

नवे टायर बसवल्यावर लगेच जोरात चालवावे का?

साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रवाचा पातळ थर नव्या टायरवर राहिलेला असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सौम्यपणे चालवून तो जाऊ द्यावा. २०० ट्रेडवेअरच्या टायरला पहिल्यांदा हळूहळू तापवून एक दिवस पूर्ण निवू दिले तर तो पुढे अधिक एकसारखा झिजतो. याच काळात चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा कसावेत, विशेषतः नव्या ॲल्युमिनियमच्या रिमवर, कारण त्या सुरुवातीला थोड्या बसतात. १९७० पर्यंतच्या अनेक क्रायस्लर, डॉज आणि प्लिमथ गाड्यांत डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. टायरवाल्याने एअर गन लावण्याआधी त्याला तसे सांगून ठेवावे, नाहीतर नट सोडवतो आहे असे समजून तो स्टडच तोडून ठेवतो.